सप्टेंबरची नोटीस

सहावीच्या वर्गात ऋतूंविषयी शिकवताना दर वर्षी एका शब्दापाशी मी अडते. खिजाँ. उर्दू शायरीत या ऋतूला मोठे स्थान आहे. पाने पिवळी पडतात, गळतात, बाग उजाड होते. मुंब्र्याच्या मुलांना हे समजावायचे कसे? सप्टेंबरात आमच्याकडचे एकही झाड पिवळे पडत नाही. उलट समोरचा पारसिकचा डोंगर या दिवसांत वर्षातला सर्वात हिरवा दिसतो. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, हमारे यहाँ पत्ते नहीं, प्लास्टर गिरता है." वर्ग खो-खो हसला. त्या मुलाने विनोद केला नव्हता. तो आपल्या घरातला ऋतू सांगत होता.

मी मूळची म्हसळा तालुक्यातली. लग्नानंतर कौश्याला आले आणि इथल्याच एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आम्हा कोकणी मुसलमानांचे एक बरे असते. घरात कोकणी, शाळेत उर्दू आणि कचेरीत मराठी. त्यामुळे बिल्डिंगमध्ये एक काम आपोआप माझ्या वाट्याला आले. सोसायटीची नोटीस लिहायची. तळमजला आणि वर चार मजले, वीस बिऱ्हाडे, अशी आमची बिल्डिंग. तिला तीस वर्षे होत आली. खाली जिन्याजवळ काच फुटलेली एक लाकडी पेटी आहे, तिला आम्ही नोटीस बोर्ड म्हणतो. सेक्रेटरीसाहेब पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "टीचर, मराठीत लिहा, कारण उद्या कागद रजिस्ट्रारकडे गेला तर चालला पाहिजे. आणि उर्दूत लिहा, कारण वाचला गेला पाहिजे." मला त्यांचे हे वाक्य आवडले. तेव्हापासून पावसाळा ओसरू लागला की मी दोन भाषांत नोटीस लिहिते.

सप्टेंबरची नोटीस वर्षातली सर्वात लांब असते. सहकारी सोसायटीचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून पहिली बातमी सभेची. दुसरी टाकी धुण्याची. पावसाचा गाळ खालच्या टाकीत उतरलेला असतो, तेव्हा अमुक रविवारी सकाळी दहा ते चार पाणी बंद. तिसरी थकबाकीची, नावे न लिहिता. नावे न लिहिण्यावरून दर वर्षी वाद होतो, पण नाव फळ्यावर लिहिल्याने मुले सुधारत नाहीत हे मी वर्गात पाहिले आहे. मोठ्यांचे वेगळे काही असेल असे वाटत नाही.

मग सूचना. त्यांत डेंगी आलाच. या बाबतीत आपल्या लोकांचा एक समज पक्का आहे की डास गटारात होतात. गटारात होणारे डास वेगळे. डेंगीचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि चावतो दिवसा. फ्रिजच्या मागचा ट्रे, काचेच्या बाटलीतली मनी प्लँटची वेल, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला टायर, एवढी जागा त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा असे सांगतात. आता छापील पत्रकांत "पाणी साठवून ठेवू नये" असे सरसकट लिहिलेले असते. ते वाचून आमच्या बायका हसतात. ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांनी साठवू नये, हे ठीक. आमच्याकडे पाण्याला वेळ आहे. ती चुकली तर वजूलाही पाणी राहत नाही. पिंप भरून ठेवणे ही इथली गरज आहे. म्हणून मी नोटिशीत असे लिहिते की पिंप झाकून ठेवा, आणि शुक्रवारी रिकामे झाले की आतली बाजू काथ्याने घासा. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात. पाणी आले की पुन्हा जिवंत. हे लिहायला लागल्यापासून घासणे सुरू झाले. माणसाच्या अडचणीत बसणारी सूचना माणूस पाळतो, असा माझा अनुभव आहे.

गॅसच्या रबरी नळीचेही तसेच. तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. कधी पाहिली आहे? दहा घरांत विचारले तर आठ जणी शेगडी पुढे ओढून पहिल्यांदाच बघतात. ओढायला सांगणे एवढेच काम.

पण ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला बसले ती गळतीची.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात गळतीइतके भांडण दुसऱ्या कशानेही होत नाही. पार्किंगमुळे होते, मुलांच्या क्रिकेटमुळे होते, रमजानमध्ये सहरीच्या वेळी वरच्या मजल्यावर कोण पाटा-वरवंटा घेऊन बसले यावरूनही होते. पण ती भांडणे ईदला गळाभेट झाली की मिटतात. गळतीचे भांडण भिंतीत मुरते. खालच्याच्या छतावर पिवळा डाग पडतो. तो वर जाऊन सांगतो. वरचा म्हणतो, माझ्याकडे सगळे कोरडे आहे, हे पावसाचे पाणी आहे. खालचा म्हणतो, तुम्ही बाथरूमला नव्या लाद्या लावल्यापासून सुरू झाले. दोघांनाही आपले म्हणणे खरे वाटत असते. पावसाळ्यात तर दोघांपैकी कोण खरा हे सांगणे अवघडच, कारण पाणी सगळीकडूनच येत असते.

यासाठी ऑक्टोबर हा निवाड्याचा महिना. हवामान खात्याने २०२० साली तारखा सुधारल्या, तेव्हापासून मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात. त्यानंतर कडक ऊन पडते. पंधरा-वीस दिवसांच्या उन्हात डाग सुकत गेला तर पाणी बाहेरचे होते, गच्चीचे किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतले. तो ओलाच राहिला, किंवा वरचे लोक गावी गेले की सुकतो आणि आले की पुन्हा ओला होतो, तर पाणी घरातले आहे. तरीही शंका उरली तर एक साधा उपाय आहे. वरच्या बाथरूमच्या जाळीला बोळा लावायचा, दोन-तीन इंच पाणी भरायचे, त्यात कपड्यांची नीळ टाकायची आणि एक दिवस ठेवायचे. खाली निळा ओघळ आला की वादाला जागा उरत नाही. नियमही कोड्यात टाकणारा नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरची भिंत आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घरातल्या बाथरूम-मोरीची ज्याची त्याने. हे मी एकदा नोटिशीखाली चौकट करून लिहिले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या खालच्या घरात डाग होता.

तो डाग दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांच्या स्वयंपाकघरात होता. चाचांनी उमेदीची वर्षे मुंबईत टॅक्सी चालवली. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबई सोडून इकडे आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी त्यांचे एक. डाग वाढत गेला, मग तिथला रंग फुगला, मग एका दुपारी तव्यावर भाकरी असताना शेगडीवर वीतभर पापुद्रा आदळला. प्लास्टर नव्हे, काँक्रीटचा. वर पाहिले तर दोन गंजलेल्या सळ्या उघड्या. चाचींच्या हातावर ठिणग्या उडाल्या, बाकी कुणाला काही झाले नाही. चाचांनी तो तुकडा उचलून खिडकीत ठेवला आणि येईल त्याला दाखवू लागले.

मी भूगोल शिकवते, विज्ञान नव्हे. पण या प्रकरणात काही गोष्टी समजून घेतल्या. काँक्रीटच्या आतली सळी जोवर कोरडी आहे तोवर सुरक्षित असते. पाणी वर्षानुवर्षे मुरत राहिले की ती गंजते, आणि गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. ते आतून फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. म्हणून प्रथम सळीच्या रेषेत सरळ भेग दिसते, मग तो भाग ठोकला की पोकळ वाजतो, आणि शेवटी पापुद्रा पडतो. म्हणजे पडलेला तुकडा ही बातमी नसते. बातमी भेगेने कधीच देऊन ठेवलेली असते. पण आमच्याकडे भेग दिसली की लोक पीओपीचे छत करून घेतात. खाली नक्षी, वर गंज. लग्नाच्या आधी तर हमखास.

गावी आमच्या घरावर कौले होती. पाऊस लागण्याच्या आधी घर शाकारायचे, हा वर्षाचा रिवाज होता. बाबा स्वतः वर चढत, फुटके कौल बदलत, कुजलेली रीप बदलत. शेजारचेही मदतीला येत, मग बाबा त्यांच्याकडे जात. घर म्हणजे दर वर्षी ज्याला हात लावावा लागतो अशी वस्तू, हे आम्हा मुलांना न सांगता कळत होते. सिमेंटच्या घरात आलो आणि हा रिवाज संपला. काँक्रीटला काय होते, असा एक भोळा विश्वास. शिवाय शाकारायचे तर कोणी? प्रत्येकाला आपल्या चार भिंती माहीत. कॉलम कोणाचा? गच्ची कोणाची? मलवाहिनी कोणाची? ज्याच्या घरात गळते त्याची.

याच ऋतूत बिल्डिंगी पडल्याच्या बातम्या वाचकांना आठवत असतील. मुंबईत भेंडीबाजाराजवळ हुसैनी बिल्डिंग पडली ती ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, ३३ माणसे गेली. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० रोजी पडली, १६ गेली, आणि त्या इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. आमच्या म्हसळ्याकडून महाड काही लांब नाही. त्या रात्री गावात कोणी झोपले नाही. त्यानंतर महिनाभरात, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीतली जिलानी बिल्डिंग कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे झोपेतच गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली होती. आणि आमच्या मुंब्र्याला तर ४ एप्रिल २०१३ विसरता येत नाही. शीळफाट्याची ती बेकायदा इमारत अजून बांधून पूर्णही झाली नव्हती, ७४ जीव गेले. ती पावसाने पडली नाही. पण बाकीच्या तिन्ही पावसाच्या उत्तरार्धातल्या. जून-जुलैत भिजलेले बांधकाम ऑगस्ट-सप्टेंबरात जड झालेले असते. पाऊस थांबला, आता धोका टळला, असे आपल्याला याच दिवसांत वाटत असते.

अशी बातमी आली की बाहेरचे लोक विचारतात, "अशा बिल्डिंगमध्ये तुम्ही लोक राहताच कशाला?" माझ्या एका बी.एड.च्या मैत्रिणीनेही विचारले होते. तिचा हेतू वाईट नव्हता. मी तिला सांगितले की घर शोधताना ज्याला फक्त किंमत विचारावी लागते तो पुढचे कागद मागू शकतो. ज्याचे नाव ऐकूनच दलाल "ती जागा गेली" म्हणतो, तो जिथे मिळेल तिथे घेतो. तिथे बांधकाम परवानगी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर होणार का, हे विचारायची ताकद त्याच्यात उरत नाही. विचारले तर बिल्डर म्हणतो, नको असेल तर सोडा, मागे चार जण उभे आहेत. आणि खरोखर उभे असतात. यात आपल्या लोकांचा दोष अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. बिल्डरही आपलेच असतात, मशिदीत पहिल्या रांगेत असतात. पण कागद न बघण्यामागे अडाणीपणा कमी आणि नाइलाज जास्त आहे, हे नमूद केले पाहिजे.

गेल्या वर्षीच्या नोटिशीत मी सभेच्या विषयपत्रिकेवर सेक्रेटरीसाहेबांच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली. "इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याबाबत." उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा ही तपासणी करायची असते. आमच्याकडे एकदाही झाली नव्हती. उर्दूत लिहिताना मला "तपासणी"साठी "मुआयना" हा शब्द सुचला. दुसऱ्या दिवशी पाहते तर कोणीतरी उर्दू नोटिशीवरची ती ओळ पेनाने खोडली होती. मराठीतली तशीच होती.

एरवी आमच्या सभेला सात-आठ डोकी येतात. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब करायची आणि मग आहेत तेवढ्यांत उरकायची, हा शिरस्ता. त्या रविवारी गच्चीवर चौदा सभासद होते. चाचा तुकडा घेऊन आले होते. बोलायला सुरुवात झाली ती मात्र विरोधातून. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणाले, "ऑडिट कराओगे तो सी-वन आयेगा. फिर मुनसिपाल्टी की नोटीस, फिर पाणी-बिजली कट. घर कहाँ जाओगे?" दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. मग पहिल्या मजल्यावरच्या खाला बोलल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत. त्यांचे शौहर अठरा वर्षे कुवेतला होते, त्या कमाईचा हा एक फ्लॅट, आता खाला आणि त्यांची शिवणयंत्रावर बसणारी मुलगी. त्या म्हणाल्या, "बिल्डिंग पडली तर अल्लाची मर्जी. कधी पडेल कोणाला ठाऊक? पण नोटीस आली तर मला त्याच दिवशी रस्त्यावर यावे लागेल."

त्यांच्या या बोलण्याला मी अजूनपर्यंत अज्ञान म्हणू शकलेले नाही. भिंतीला गेलेली भेग आणि दारावर लागलेला कागद यांत त्यांना कागद जास्त भयंकर वाटत होता, आणि त्यांच्या जागी बसून पाहिले तर तो हिशेब चुकीचा नव्हता. भेगेने अजून कोणाला घराबाहेर काढले नव्हते. कागदाने शेजारच्या गल्लीतली दोन कुटुंबे बाहेर काढली होती, आणि ती कुठे गेली हे कोणाला सांगता येत नव्हते. "तपासणी करा, जीव महत्त्वाचा" असे सांगणारी सूचना इथे पिंपाच्या पत्रकासारखीच हसण्यावारी जाणार होती.

मी शाळेतून चार्ट पेपर आणला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून आणल्या होत्या, त्या भिंतीला लावल्या. तपासणीचे उत्तर एकच नसते, चार असतात. सी-१ म्हणजे राहण्यास अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे रिकामी न करता, राहत्या घरी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चौदा जणांपैकी बारा जणांना ही चार नावे पहिल्यांदा कळत होती. सगळ्यांच्या मनात ऑडिट म्हणजे सी-वन एवढेच होते, जसे आमच्या लहानपणी इस्पितळ म्हणजे मय्यत एवढेच होते. मी म्हटले, आज आपण बहुधा वरच्या दोन ओळींत नाही. अजून पाच पावसाळे काढले तर त्या ओळींत जाऊ. आणि खालांना वेगळे सांगितले की देव न करो, पण रिकामे करायची वेळ आलीच तर निघण्याआधी प्रत्येकाने आपल्या घराचे मोजमाप करून घ्यायचे आणि तसा दाखला महापालिकेकडून घ्यायचा, कारण पुढे हक्क सांगायला तोच कागद लागतो. खालांनी विचारले, "तो कागद कोणत्या भाषेत असतो?" मी म्हटले, मराठीत. "मग तू वाचून देशील," त्या म्हणाल्या.

हात वर केले तेव्हा नऊ बाजूने आणि पाच विरोधात. खाला विरोधातच राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींचा हात बाजूने वर होता.

महापालिकेच्या यादीवरचे इंजिनिअर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आले. मला वाटले होते मोठमोठी यंत्रे येतील. त्यांच्या हातात आधी एक छोटी हातोडी होती. ते प्रत्येक घरात जाऊन कॉलमवर ठकठक करत आणि कान देत, जसा हकीम नाडी बघतो. मग यंत्रेही आली. त्यांनी पीओपीची छते चार ठिकाणी फोडायला लावली. तिथे जे दिसले ते पाहून दोन घरांतले पुरुष गप्प झाले. गच्चीच्या कठड्यातून पिंपळ उगवला होता. तो आम्ही दर वर्षी छाटत होतो. ते म्हणाले, छाटून उपयोग नाही, मुळासकट काढून तो भाग पुन्हा बांधावा लागेल, नाहीतर मूळ आत वाढतच राहते. आणि तळमजल्यावर, दुकानाच्या फळीला जागा व्हावी म्हणून एका कॉलमचा कोपरा पार सळीपर्यंत खरवडलेला निघाला. आमच्या वीस घरांचे ओझे घेणारा कॉलम, आणि त्यावर बिस्किटांचे पुडे. दुकानदारांना बहुधा त्याचीच काळजी होती. त्या रात्री कॉलमला लोखंडी टेकू लागला.

अहवाल सी-२बी आला.

मग पैसे. सारा खर्च चौदा लाखांच्या घरात. उपविधींत दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड दर वर्षी काढायला सांगितला आहे. बांधकाम खर्चाच्या अनुक्रमे पाऊण टक्का आणि पाव टक्का. तो तीस वर्षे काढला असता तर आज कोणाच्या दारात जावे लागले नसते. पण दरमहा वर्गणीच कशीबशी जमते तिथे निधी कुठला. वीस घरांत सत्तर हजार, दहा हप्त्यांत. खालांचा प्रश्न आलाच. एकाने सुचवले, यंदाच्या जकातीतून त्यांचा वाटा भरू या. सूचना भलेपणाने केलेली होती. खालांनी निरोप पाठवला की घर माझ्या नावावर आहे, मालकिणीच्या घराला जकात कसली? हप्ते वाढवून द्या, शिलाई चालू आहे. मग त्यांना वीस हप्ते करून दिले. इतर दोघांनीही लगेच वीस मागितले, त्यांतला एक वर्षाआड गाडी बदलतो. त्याला नाही म्हणायला सेक्रेटरीसाहेबांना तीन आठवडे लागले.

जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नाही. २००८च्या दुरुस्तीपासून बिल्डर दाद देत नसला तरी मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो, पण त्याला लागणाऱ्या कागदांतले निम्मे आमच्याकडे नाहीत. बिल्डर वारला, त्याची मुले दुबईत. ते काम या वर्षीच्या विषयपत्रिकेवर घेतले आहे. किती वर्षे घेईल, बघू.

दुरुस्तीचा पहिला टप्पा, म्हणजे दोन कॉलम, गच्ची आणि चाचांचे स्वयंपाकघर, उन्हाळ्याआधी झाला. निळीच्या पाण्याची परीक्षाही घेतली होती. डागाचे पाणी भाभींच्या बाथरूमचेच निघाले. जुन्या लादीवर नवी लादी बसवली होती, मधल्या सांध्यातून पाणी उतरत होते. भाभींनी बाथरूम पुन्हा फोडून घेतले आणि धूळ उडत असताना आठवडाभर चाचांच्या घरी आंघोळीला जात होत्या. चाचांनी तो काँक्रीटचा तुकडा मात्र अजून टाकलेला नाही.

दुसरा टप्पा बाहेरच्या भिंतींचा. ते काम पाऊस परतल्यावरच करायचे, ओल्या भिंतीवर नवे प्लास्टर धरत नाही. बांबूची परात ऑक्टोबरात पुन्हा लागेल. मागच्या वेळी परात लागली तेव्हा पहिल्याच सकाळी सगळ्या मजल्यांवरच्या बायकांनी तिच्यावर कपडे वाळत घातले होते, खालांनी तर रजया. ऑक्टोबरचे ऊन, खिडकीबाहेर फुकटात मिळालेली दांडी, कोण सोडणार? मजूर वैतागून गेले होते. यंदाच्या नोटिशीत शेवटची ओळ मी त्याचीच लिहिली आहे. कपडे वाळत घालायचे तर संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी, मजूर उतरल्यावर.